मामाची गाडी

"एन्ट्री कुठनं हाय?"

शेठनं मला पहिला प्रश्न विचारला तो हा. तारीख नाही, गाडी कोणती नाही, किती तास नाही. 'एन्ट्री' हा शब्द तोवर मी फक्त नाटकवाल्यांच्या तोंडून ऐकला होता, त्यामुळे जरा बावचळलो.

पुतणीचं लग्न ठरलं होतं. बैठकीत मुलाकडच्यांनी स्वच्छ सांगितलं, हुंडा नको, मानपान नको, फक्त नवरदेवाला गाडी जरा बरी असू द्या. आम्ही खूश. इतकी सुधारलेली माणसं मिळाली म्हणून माझ्या वहिनीनं देवापुढं साखर ठेवली. 'जरा बरी' म्हणजे किती बरी, हे रात्री व्याह्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून कळवलं. फोटोत जॅग्वार होती.

पुण्यातून कुठल्याही रस्त्यानं वीस-पंचवीस किलोमीटर बाहेर पडा, असा एक शेठ सापडतोच. त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. बायको 'अहो' म्हणते, ड्रायव्हर 'शेठ' म्हणतात आणि गिऱ्हाइकांच्या मोबाइलमध्ये तो 'जॅग्वार लग्न' या नावानं राहतो. वडिलोपार्जित जमिनीचा एक तुकडा कारखान्यांत गेलेला असतो, एक रस्त्यात. त्या पैशांतून आधी बंगला होतो, मग बंगल्याला शोभेल अशी गाडी, आणि मग ती गाडी लग्नापुरती मागायला भावकीची रांग. पहिली दोन वर्षं आमच्या शेठनं गाडी फुकट दिली. तिसऱ्या वर्षी चुलत्याच्या मेहुण्यानं मागच्या सीटवर बासुंदी सांडली. धंदा त्या दिवशी सुरू झाला.

गाड्या गोठ्यात असतात. चेष्टा नाही, खरोखरच गोठा. पत्रे नवे घातलेत, खाली फरशी केली आहे, पण गव्हाण काढलेली नाही, आणि एका टोकाला एक मुऱ्हा म्हैस अजून आपला हक्क राखून आहे. तिच्या शेजारी ऑडी, ऑडीच्या शेजारी जॅग्वार, पलीकडे लाल मस्टँग. उंदरांनी एकदा ऑडीच्या वायरी कुरतडल्या. तेव्हापासून रात्री तिथं मांजर सोडतात. जर्मन इंजिनिअरांनी गाडीत काय काय सुरक्षा बसवली असेल ती असो, आमच्याकडे तिचं रक्षण एक बोका करतो.

"ही जॅग्वार पुण्याचीच लेक हाय, सायेब," शेठ म्हणाला. "दिल्लीला दिली हुती. म्हायेरी आनली."

यात थाप नव्हती. टाटांनी २००८ साली जॅग्वार कंपनी विकत घेतली आणि २०१३ पासून एक्सएफ ही गाडी पुण्यात जोडली जाऊ लागली. ही त्याच सुरुवातीच्या काळातली, २.२ लिटर डिझेल इंजिनाची. दिल्लीत दहा वर्षांवरची डिझेल गाडी रस्त्यावर आणायला बंदी आली आणि तिथल्या श्रीमंतांच्या दारातल्या धडधाकट गाड्या एका तारखेला म्हाताऱ्या ठरल्या. सुनेला वर्षं मोजून घराबाहेर काढल्यासारखंच. शेठसारख्यांनी त्या नव्या इनोव्हापेक्षा कमी किमतीत उचलल्या. कागदपत्रं अजून तिकडचीच आहेत. आरसी बुकावर दिल्लीच्या कुणा डॉक्टरीणबाईंचं नाव आहे, आणि "बदलतूय की" हे शेठ दर मोसमात म्हणतो.

लग्नात मिरवायला ऑडी आणि मर्सिडीज हा आपल्याकडचा जुना शौक आहे. औरंगाबादकरांनी २०१० साली एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या होत्या, ते आठवत असेल. बँक त्यांच्या घरी चालत आली होती. त्या दीडशेंपैकी किती आज झेंडूच्या माळा घालून कुठल्या वरातीत उभ्या असतील, असं माझ्या मनात आलं, पण शेठपुढं बोललो नाही. शेठला दुसऱ्याच्या गाडीचं कौतुक खपत नाही.

त्याचा जीव आहे मस्टँगवर. फोर्डनं २०१६ साली उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची मस्टँग भारतात विकायला आणली, ती ही. पाच लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, चारशेच्या आसपास अश्वशक्ती. समोरच्या जाळीवर उधळलेला घोडा. शेठच्या गावात वरातीला एक घोडीवाला होता, गेल्या दोन मोसमांत त्याला काम नाही. "त्याची येक, आपली चारशे," एवढाच हिशेब शेठनं त्याला सांगितला. चारशे घोड्यांना मिळून दारं मात्र दोनच आहेत. मागच्या सीटवर जायचं तर पुढची सीट वाकवून, अंग चोरून, शालूचा घोळ दोन्ही हातांत धरून शिरावं लागतं. एकदा करवली आत गेली ती बाहेर येईना. मंगलाष्टकं सुरू झाली तरी ती आतच, तांब्यासकट.

मला सर्वांत कुतूहल होतं ते नंबरप्लेटचं. तिन्ही पाट्या पांढऱ्या. भाड्याची गाडी म्हणजे पिवळी पाटी, हे शाळकरी पोराला कळतं. मी तसं विचारल्यावर शेठनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू नवरीला मुंडावळ्यांऐवजी हेल्मेट घाला म्हणालो.

"पिवळ्या पाटीतनं नवरदेव उतारला तर लोक इचारत्यात, ओला का उबर?"

शिवाय पिवळी पाटी आली की वेगाला दावं लागतं. टॅक्सी म्हणून नोंदलेल्या गाडीला ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ न देणारं यंत्र बसवावं लागतं. मी म्हटलं, "शेठ, वरात माणसाच्या चालीनं चालते. ऐंशीची अडचण तुम्हाला येणार कधी?"

शेठ जरा वेळ म्हशीकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बांधल्याला बैल आन् हुबा बैल ह्ये येक न्हवं, सायेब."

हे मला आवडलं. पण कायद्याला बैलाशी देणं-घेणं नाही. परवान्याशिवाय खासगी गाडी भाड्यानं दिली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९२ अ लागतं. पहिल्याच खेपेला १०,००० रुपये दंड, वर सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यावर शेठचा उपाय त्याच्या भाडेपत्रकातच छापलेला आहे, सर्वांत खाली, बारीक अक्षरात: 'कोणी विचारल्यास गाडी मामाची आहे असे सांगावे.'

शेठ असा मोसमात साठ-सत्तर लग्नांचा मामा असतो. वर त्याला हे नातं शोभतंही. भटजी माइकवरून 'मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे' असं ओरडतात तेव्हा खरा मामा कुठंतरी पंगतीची पानं मोजत असतो आणि मुलगी शेठच्या ऑडीतून येते.

पॅकेज आठ तास, ऐंशी किलोमीटर. फुलं वेगळी, ड्रायव्हरचा भत्ता वेगळा, सनरूफ उघडायचं झालं तर वेगळं. "छपराचे पैसे?" मी विचारलं. "छपराचे न्हाईत, दिसन्याचे," शेठ म्हणाला. त्याच्या दरपत्रकात मला हे एवढं एकच कलम प्रामाणिक वाटलं.

लग्नाच्या दिवशी जॅग्वार आली. ड्रायव्हर काळ्या कोटात. हा पोरगा एरवी दुधाचा टेम्पो चालवतो. कोट शेठचा, तीन ड्रायव्हरांत एक, त्यामुळे बाह्या कुणालाच बरोबर येत नाहीत. नवरदेव बसायच्या आधी त्यानं सूचना दिल्या: पाय झटकून या, खिडकीला तेलकट हात लावू नका, अक्षता आत टाकू नका. शेवटची सूचना त्यानं हात जोडून केली. अक्षता एसीच्या जाळीत जातात आणि पुढचे सहा महिने एसी लावला की एकेक बाहेर येते. दशक्रियेला निघालेल्या एका कुटुंबावर त्या तशा पडल्या होत्या म्हणे.

वाटेत चौकात वाहतूक पोलिसानं अडवलं. पुण्यात त्यालाही मामाच म्हणतात, तेव्हा संवाद गुंतागुंतीचा झाला.

"कुणाची गाडी?"

"मामाची," नवरदेव पाठ केल्यासारखं बोलला.

"मामाचं नाव?"

गाडीत शांतता. नवरदेवानं ड्रायव्हरकडं पाहिलं. ड्रायव्हरनं कप्प्यातून आरसी काढून दिली. पोलिसानं नाव वाचलं, परत वाचलं, फेट्यातल्या नवरदेवाकडं पाहिलं.

"मामा दिल्लीला डॉक्टरीण हाय व्हय रे तुझी?"

मुंडावळ्या बांधलेल्या माणसाचा आपल्याकडे मान असतो. त्यानं गाडी सोडली. कशी सोडली ते मी पाहिलं नाही. ड्रायव्हर खाली उतरून त्याच्याशी दोन मिनिटं बोलला, एवढंच दिसलं.

परण्या कार्यालयातून निघून मारुतीला जाऊन परत कार्यालयात यायचा होता. पुढं बँजोवाले, त्यांच्यापुढं नाचणारी पोरं, मागं जॅग्वार. एवढ्या ताकदीच्या इंजिनानं एवढ्या सावकाश जाणं हा त्याचा सरळ अपमान असतो. पाच पावलं पुढं, मग दहा मिनिटं उभं. ऊन मे महिन्याचं. इंजिनाला वारा लागेना, काटा तांबड्याकडं सरकला, ड्रायव्हरनं एसी बंद केला. वरून नवरदेव सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर, फेट्यात आणि उन्हात; खालून मामेभाऊ त्याचे पाय धरून बसलेला. मारुतीपाशी नवरदेवाच्या मोठ्या काकांनी दार असं आपटलं की जणू एसटीचं आहे. ते दार नुसतं हलकं लोटलं तरी बंद होतं, पण ज्यांचं आयुष्य जीप आणि लाल डब्यात गेलं त्यांच्या मनगटाला हे कोण सांगणार? ड्रायव्हरनं डोळे मिटले. गोठ्यात म्हशीलाही ते जाणवलं असावं.

मग तो क्षण आला, ज्याचे पैसे होते. कार्यालयाच्या कमानीपाशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं वळसा घालून दार उघडलं. एक मोजडी बाहेर आली. ती तशीच थांबली, कारण व्हिडिओवाला "परत, परत" म्हणत होता. मोजडी आत गेली, परत बाहेर आली. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला पूर्ण नवरदेव उतरला, फटाके फुटले, आणि व्याह्यांच्या चेहऱ्यावर मी जे समाधान पाहिलं ते नुसत्या हुंड्यानं आलं नसतं.

संध्याकाळी शेठ हिशेबाला आला. स्टुटगार्टला नोकरी करणारा माझा भाचा तिथंच बसला होता. त्यानं सहज सांगून टाकलं, की जर्मनीत मर्सिडीज ही साधी टॅक्सी असते. फिक्या सायीच्या रंगाची, स्टेशनबाहेर रांगेत उभी, कुणीही हात करून बसावं अशी. स्टुटगार्टच्या मर्सिडीजच्या संग्रहालयात तर ग्रीसमधली एक जुनी डिझेल टॅक्सी ठेवली आहे, तब्बल ४६ लाख किलोमीटर चाललेली. शेठचा चेहरा उतरला. एखाद्याला आपली कुलदेवता परगावी चौकात भाजी विकते असं कळावं तसा.

त्याला बरं वाटावं म्हणून भाच्यानं मोबाइलवर दुसरं काही दाखवलं. न्यूरबर्गरिंग या शर्यतीच्या रस्त्यावर काही वर्षं बीएमडब्ल्यूची रिंग-टॅक्सी चालायची. २०.८ किलोमीटरचा एक फेरा, गाडी एम-५, चालवायला शर्यतीतले लोक. त्यांत सबीने श्मिट्झ नावाची बाई होती, २०२१ मध्ये गेली. जगातली सर्वांत वेगवान टॅक्सी चालवणारी म्हणून तिची ख्याती. माणसं पैसे देऊन मागं बसत आणि ती त्यांना वळणावळणावरून उडवत नेई.

शेठ डोळे विस्फारून बघत राहिला. एक फेरा संपला.

"आन् उतारत्यात कुठं?"

"जिथं बसले तिथंच," भाचा म्हणाला.

"बगाया कोन असतंय?"

"वाटेत? बहुतेक ठिकाणी झाडीच आहे."

शेठनं मोबाइल परत दिला. "मंग पैशे वाया," तो म्हणाला.

मी त्याला आठवण दिली, की आमचा नवरदेवसुद्धा कार्यालयापासून निघून कार्यालयापाशीच उतरला. शेठ हसला आणि नोटा मोजता मोजता म्हणाला, "पर मधी समदं गाव हुतं की."

बिलावर ऐंशी किलोमीटर लावले होते. गाडी गोठ्यातून निघाल्यापासून एकतीस झाले होते, त्यांत परण्याचे सातशे मीटर. मी वाद घातला नाही. तुमच्याकडे कार्य असेल तर नंबर देतो. पोलिसांनी विचारलं तर मामाची म्हणा, आणि जमलं तर डॉक्टरीणबाईंचं नाव आधी पाठ करून ठेवा.