अण्णांचा डायबेटिस : घरगुती बंदोबस्त

अण्णांना डायबेटिस निघाला की गोळ्या आणण्याआधी बातमी पसरवावी. रोह्यापासून पेणपर्यंत एकही नातेवाईक राहता कामा नये. मग लग्नात अण्णांनी जिलेबीकडे नुसतं पाहिलं, तरी तिसऱ्या पंगतीतून "अण्णा, शुगर!" अशी आरोळी येते. आरोळी देणाऱ्याच्या पानातल्या जिलब्या मोजू नयेत.

पथ्य एकच : गोड बंद. बाकी घर होतं तसं चालू द्यावं. सकाळी पोहे, दुपारी जिताड्याचं कालवण आणि ते बुडेल एवढा भात, चारला पोह्याचा पापड (भाजलेला, कारण तळलेलं अण्णांना चालत नाही), रात्री हलकं म्हणून तांदळाची भाकरी. एकच तांदूळ दिवसातून चार वेळा वेष पालटून येतो आणि चारही वेळा रक्तात साखर होतो. पण जिभेला गोड लागत नाही, तेव्हा तो निर्दोष. भात निम्मा करा, आधी भाजी-मासळी खा, असं डॉक्टर सांगतात. तेवढ्यात "भाताशिवाय पोट भरतं होय?" म्हणत आईनं आणखी एक डाव वाढावा.

थंडीत शेतावर पोपटी लागली की अण्णांना घरीच अडकवावं. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, मीठ. तेल-पाण्याचा थेंब नाही. बटाटे बाजूला काढले तर अण्णांसाठी वर्षातलं सर्वांत शहाणं जेवण. पण रात्रीचं, उघड्यावरचं, आणि मुख्य म्हणजे तिथे ते खूश दिसतात. धोका पत्करू नये. घरी गरम वरणभात द्यावा.

साखरेचा डबा माळ्यावर, पितळी घंगाळामागे. अण्णांनी गोळी घेतली आणि कुणाच्या तरी सल्ल्यानं जेवण टाळलं, की काही गोळ्यांवर, इन्सुलिनवर तर हमखास, साखर ७० च्या खाली उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात. शुद्धीत असतील तर तीन चमचे साखर पाण्यातून तत्काळ द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायचं. शिडी कुणी नेली, याची चौकशी मागाहून करावी.

गणपती पेणचा असला तरी मोदक घरचे. साखरेचे वर्ज्य, गुळाचे चालतात, असा शोध प्रत्येक घरातल्या एका आत्यानं लावलेला असतो. गूळही साखरच आणि उकड पुन्हा तांदळाचीच, हे आत्याला सांगायची हिंमत मात्र आमच्यात नाही.

तपासणीआधी चार दिवस अण्णांना काकडीवर ठेवावं. उपाशीपोटीचा आकडा देखणा येतो. पण डॉक्टर एचबीएवनसी लिहून देतात. ती दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते आणि चार दिवसांच्या काकडीला दाद देत नाही. साडेआठ आले, तर मशीनच बिघडलंय असं ठरवून अण्णांना रोह्याहून पेणच्या लॅबमध्ये न्यावं. या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही. वाटेत वडखळला वडापाव खाऊन घ्यावा.