कविता एक, विषय अनेक

आमच्या काव्यमंडळाचं विषयबद्ध कवितावाचन महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरतं. विषय व्हॉट्सअॅपवर आधीच येतो. बाकीचे त्यावर कविता लिहितात, अण्णा बसवतात.

अण्णांची कविता एकच, आजोळच्या घराची. माजघर, सारवलेली जमीन, पडवीतला झोपाळा आणि शेवटी आजीचा सुरकुतलेला हात. विषय 'पाऊस' असला की कौलं गळू लागतात. 'स्त्री' असला की आजी पहिल्याच कडव्यात येते. 'रेल्वे'ला अण्णा अडतील अशी आमची खात्री होती, तर त्यांनी आजोळी जायला थेट गाडी सोडली. त्या गावाला एसटीसुद्धा अजून नदीअलीकडेच उतरवते. 'मोबाइल' तर फारच सोपा गेला. त्या घरात मोबाइल नव्हता!

वेळ प्रत्येकी तीन मिनिटं. अण्णा आधी 'थोडी पार्श्वभूमी' सांगतात. तीत रविकिरण मंडळ यायचंच: १९२३ साल, पुणे, रविवारचा चहा, माधव जूलियन, यशवंत, गिरीश. "आपण तीच परंपरा चालवतोय," म्हणत ते हातातल्या कागदी कपाकडे अभिमानानं बघतात. दोनच वर्षांनी अत्र्यांनी 'झेंडूची फुले' काढून त्या धाटणीच्या कवितेची जी टर उडवली, ती मात्र पार्श्वभूमीत बसत नाही.

पण माणूस दिलदार. आपलं वाचन झालं की अनेक कवी चपला शोधू लागतात, अण्णा शेवटपर्यंत बसतात आणि "वा! पुन्हा एकदा!" म्हणतात, वाचणारा अजून प्रस्तावनेतच असला तरी. ही दाद म्हणजे लग्नातला आहेर. कुणाला किती दिली याची नोंद त्यांच्या डोक्यात पक्की. परतफेड कमी पडली तर चहाच्या वेळी "आज तुमचं लक्ष नव्हतं वाटतं" हे ऐकून घ्यावं लागतं.

तरी आजीच्या हाताची ती ओळ आली की मी अजूनही खरंच ऐकतो. दर महिन्याला ताजी कविता लिहिणाऱ्या आम्हा बाकीच्यांची एकही ओळ माझ्या लक्षात राहिलेली नाही, माझी स्वतःचीसुद्धा.

गेल्या खेपेला संयोजक बाईंनी जाहीर केलं, "पुढच्या महिन्यात विषय मुक्त!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांचा चेहरा उतरला. रात्री त्यांचा फोन आला.

"अहो, विषयच नाही तर कविता बसवू कशात? बाई तुमचं ऐकतात. त्यांना सांगून एखादा शब्द तरी घ्या. कुठलाही चालेल."