भिंत पिते, साहेब!

रंग निवडायला माणसांची वाण कधीच नसते. आमच्या हॉलमधल्या विटांच्या भिंतीचा विषय निघाला तेव्हा घरचे सगळे, वरच्या मजल्यावरचे काका-काकू आणि सिलिंडर टाकायला आलेला मुलगा, अशा सर्वांनी आपापली छटा नोंदवली. भिंत खरवडायची कुणी, या मुद्द्यावर मात्र सभा तहकूब झाली. खरं तर आधी कुणी रंगवून ठेवलेल्या विटांच्या भिंतीचं बहुतेक काम खरवडण्याचंच असतं. रंग हा शेवटी उरकायचा समारंभ.

मुळात ही भिंत रंगवायची नव्हतीच. गिलाव्यावाचूनची वीट आपल्याकडे प्रतिष्ठित केली ती लॉरी बेकर यांनी. बर्मिंगहॅमचा हा माणूस तिरुअनंतपुरमला स्थायिक झाला आणि वीट देखणी असताना तिला झाकण्यावर पैसे का घालवायचे, असं इमारती बांधून विचारत राहिला. पुण्यातल्या आमच्या बिल्डरला त्यातली पैशांची बाजू तत्काळ पटली असावी. आधीच्या मालकांना मात्र ती भिंत अर्धवट सोडलेली वाटली. त्यांनी तिला ऑइल पेंट दिला. पिस्ता. पुढे त्यावर बदामी, आणि त्यावर एक असा रंग, ज्याला नाव द्यायला कंपनीही धजावली नसती.

आता वीट ही जात्याच पिणारी. साधी वीट चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवली आणि ती स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपर्यंत पाणी प्यायली, तरी भारतीय मानकानुसार ती पास! म्हणजे तीन किलोची वीट अर्ध्या लिटरहून जास्त पाणी पचवून सभ्य म्हणवते. आमची भिंत पश्चिमेची. जुलैत बाहेरून पोटभर प्यायची, आणि पुढे ते पाणी आतल्या अंगाने बाहेर पडू बघायचं, तर तोंडावर ऑइल पेंटचं झाकण. मग फोड, फोडांचे पोपडे, आणि पोपड्यांमागे पांढराशुभ्र खार. काकांनी, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक असल्याने, तो बोटावर घेऊन जिभेपर्यंत नेला होता. काकूंनी हात धरला.

पेंटरमामांनी परीक्षा साधीच घेतली. भिंतीला चिकटपट्टी लावली, दाबली आणि खस्सकन ओढली. पट्टीबरोबर पोळीएवढा पापुद्रा हातात आला. तो त्यांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “साहेब, ह्याच्यावर रंग मारला तर तो भिंतीवर नाही, ह्याच्यावर बसणार.” रंगकामाचं सगळं शास्त्र या वाक्यात आलं. तरीही माझे मेहुणे “वरून एक हात मारून टाका” हेच सांगत राहिले. ते स्वतः भाड्याच्या घरात राहतात.

खरवडणं कोरडं करू नये. घरगुती रंगात ९० पीपीएमपेक्षा जास्त शिसं असू नये, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि आमचा पिस्ता त्याच्या फार आधीचा. तेव्हा पोरांना आजोळी धाडलं, भिंत ओली केली आणि करोनातले मास्क कपाटातून निघाले. शिवाय सपाट भिंतीचा हिशेब इथे चालत नाही. मानक मापाच्या विटा एका चौरस मीटरमध्ये पन्नास बसतात, आणि प्रत्येकीच्या चारी बाजूंना दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे. पत्रा विटेवरून झरझर फिरतो. दर्जांमध्ये तारेचा ब्रश घेऊन दात घासल्यासारखं बसावं लागतं. बदामी गेला, पिस्ता दिसू लागला, तेव्हा आई म्हणाली, “हाच बरा होता की!”

सगळाच रंग काढून मूळ वीट उघडी करावी, असा माझा आग्रह होता. मामांनी मान हलवली. रंग विटेच्या छिद्रांत उतरलेला. मशीन लावून तासावं तर विटेची भाजलेली कडक साल निघते आणि ती आणखी प्यायला लागते. मग बाहेरच्या दर्जा सिमेंटने भरल्या, फुटकी पन्हळ बदलली, भिंत वाळू दिली. प्रायमर लागला. मामा डब्यात डोकावून म्हणाले, “भिंत पिते, साहेब, अजून एक डबा आणा.” दुकानदाराचा चेहरा उजळला.

उरला रंग. यावेळी ऑइल पेंट नाही, वाफ बाहेर सोडणारं पाण्यातलं इमल्शन, एवढ्यावर एकमत झालं, छटेवर नाही. अखेर हिने शेडकार्ड मिटून निकाल दिला: विटेचा रंग. मामा खूश. गावाकडे असंच करतात म्हणाले, विटांवर काव आणि दर्जांवर पांढरी रेघ. तर आता आमच्याकडे खऱ्या विटांवर विटांचं हुबेहूब चित्र आहे. परवा आलेले पाहुणे म्हणाले, “विटा उघड्या ठेवल्यात, फार छान केलंत. लोक उगाच रंग फासतात.”

तुमच्या घरी अजून कोरी विटांची भिंत असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका. हात फारच शिवशिवत असतील तर आमच्या जिन्यातली भिंतही पिस्ताच आहे. पत्रा, तारेचा ब्रश आणि चहा आमच्याकडून. रंग मात्र सुचवू नका.