गट अ, गट ब आणि एक सुई

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात अंगात कणकण भरलेला माणूस डॉक्टरपुढे बाही वर करतो आणि म्हणतो, "सायेब, एक सुई मारा." भिंतीवरची पदवी एमबीबीएसची, बीएएमएसची की बीएचएमएसची, हे तो बघत नाही. जास्तच झालं तर अंबाजोगाईचं सरकारी रुग्णालय आहेच.

पदवी बघायचं काम सरकारचं.

तिन्ही पदव्यांची पोरं 'नीट' परीक्षा देतात, इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं घासतात, नाशिकचं एकच आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्यांची परीक्षा घेतं. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू होताना एमबीबीएसवाला 'गट अ', बीएएमएसवाला 'गट ब'. खोकला मात्र दोघांकडे बिनगटाचा येतो.

होमिओपॅथीची, म्हणजे बीएचएमएसवाल्यांची, तऱ्हा आणखी न्यारी. 2014 च्या कायदादुरुस्तीनं औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहायची वाट दाखवली. 15 जुलै 2025 पासून वैद्यक परिषदेत त्यांची नोंदणी होणार होती. ॲलोपॅथी डॉक्टरांची संघटना आयएमए खवळली, नोंदणी थांबली. सप्टेंबरात पुन्हा हालचाल झाली, तर 18 तारखेला ॲलोपॅथीवाल्यांचा संप. दर्जा घसरतो, ही तक्रार.

तक्रार रास्तच. फक्त 2023 मध्ये ॲलोपॅथीच्याच पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू नयेत म्हणून नीट-पीजीची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, म्हणजे जो परीक्षेला बसला तो पात्र. त्या दिवसांत दर्जा बहुधा अर्जित रजेवर असावा.