पोर्ट करा, काकू!

ग्वाल्हेरच्या लश्कर भागात नया बाजारातल्या दोन दुकानदारांनी उद्या गल्ला एक केला, तर परवापर्यंत अख्खं लश्कर विचारायला लागेल, ‘आता भाव कितीने चढणार?’ दूरसंचाराची यंत्रं विकणाऱ्यांनी तेच केलं की त्याला ‘सिनर्जी’ म्हणतात आणि व्यासपीठावर गुच्छ देतात.

अल्काटेल आणि ल्युसेंट 2006 मध्ये एक झाल्या. पुढच्या वर्षी नोकिया आणि सीमेन्सनं भागीदारीत दुकान थाटलं. नॉर्टेलचं 2009 मध्ये दिवाळं वाजलं, तेव्हा तिच्या वायरलेस धंद्याचा मोठा तुकडा एरिक्सननं उचलला. नोकियानं 2013 मध्ये सीमेन्सचा वाटा विकत घेतला, 2016 मध्ये अल्काटेल-ल्युसेंट गिळली आणि 2025 मध्ये इन्फिनेराही. दर वेळी पत्रकात ग्राहकाचं हित असतंच. ग्राहकाला विचारायचं तेवढं राहून जातं.

आपल्याकडे 2021 पासून ‘विश्वासार्ह स्रोता’चा नियम लागू झाला आणि नव्या चिनी यंत्रांचं दार जवळपास बंद झालं. कारण पटण्याजोगं आहे, पण दारात उरले मोजकेच. एअरटेलनं 5जीचं काम एरिक्सन, नोकिया आणि सॅमसंगला दिलं. जिओनं त्यातल्या पहिल्या दोघांना. व्होडाफोन आयडियानं 2024 मध्ये सुमारे 30 हजार कोटींची ऑर्डर काढली, तीही याच तिघांत वाटली.

आमच्या शेजारच्या काकूंना हे कुठलं ठाऊक! रेंज जात होती म्हणून त्या तणतणत दुकानात गेल्या. दुकानदार म्हणाला, ‘भाभीजी, पोर्ट करा लो.’ काकूंनी केलं. आता सिम नवं, बिल नवं, जाहिरातीतला हिरो नवा. टॉवरवरचा डबा मात्र बहुधा त्याच घराण्यातला. (टॉवर कुठे आहे, यावरही रेंज ठरते म्हणा, पण हे काकूंना सांगायला मी जाणार नाही.)

आता स्वदेशीची आशा. खुद्द दूरसंचारमंत्री आपल्या ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातले, तेव्हा छाती फुगणारच. बीएसएनएलचं देशी 4जी सप्टेंबर 2025 मध्ये थाटात सुरू झालं आणि काम खरंच अवघड होतं. जुळवाजुळव टीसीएसची, रेडिओ तेजसचे, कोअर सी-डॉटचा. टीसीएस टाटांची, तेजसही आता टाटांचीच. सी-डॉट सरकारचं आणि गिऱ्हाईक बीएसएनएल, तेही सरकारचंच. घासाघीस कुणी कुणाशी केली असेल?

शिंदे घराण्यातल्याच महादजींनी 1782 मध्ये इथून जवळच सालबाईचा तह घडवून आणला. त्या तहाला निदान दोन बाजू तरी होत्या.