वहिनींच्या तोंडात दोनच बोटं!

अहो, जरा इकडं या, भिंतीजवळ. मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही. कोपऱ्यावरच्या वहिनींचं ऐकलंत का? नाही? परवाच्या हळदी-कुंकवाला तुम्ही लवकर उठून गेलात, तिथंच चुकलं बघा.

आरोग्याच्या आशाताई आल्या होत्या ना. वाण घेतलं, तिळगूळ घेतला, अन् म्हणाल्या, “बायांनो, तीन बोटं एकावर एक उभी धरा अन् तोंडात घाला.” आता पैठण्या नेसून, लिपस्टिक लावून आलेल्या बायका, कोण घालतंय! पण एकीनं घातली, मग दुसरीनं, हसून हसून पुरेवाट. तेवढ्यात वहिनींनी घातली. दोन गेली, तिसरं जाईना. पुन्हा बघितलं. जाईचना. गं माय, चेहरा असा उतरला त्यांचा, मी आपली कप आणायच्या निमित्तानं आत पळाले.

अन् ह्या वहिनी कोण, तर गल्लीतल्या प्रत्येक गड्याला पुडीवरून बोलणाऱ्या! २०१५ ला आर. आर. आबा गेले तेव्हा टीव्हीसमोर बसून आमच्या ह्यांना ऐकवलेलं, “बघा, तंबाखूनं काय माणूस नेला.” पवारसाहेबांचं तोंडाच्या कॅन्सरचं २००४ चं ऑपरेशन तर त्यांना तोंडपाठ. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे तरी टपरीवर मिळतो कसा, हे विचारायला त्या ठाण्यातसुद्धा जातील. पण स्वतःचं? जेवण झालं की अडकित्ता निघाला, अन् मग संध्याकाळपर्यंत गालात सुपारीचं खांड. त्याला व्यसन कोण म्हणतंय हो? सुपारी तर आपण गणपती म्हणून पूजेला मांडतो!

तिथंच तर आशाताईंनी धरलं. म्हणाल्या, सुपारीला तंबाखूची सोबत लागत नाही, ती एकटीच पुरे. गालाच्या आतली कातडी आवळत जाते, ताठ होते, तोंड उघडेनासं होतं. अन् त्याच्या आधी काय, तर तिखट लागलं की आग आग होते. ... मला एकदम आठवलं, वर्ष झालं, वहिनी ठेच्याला हात लावत नाहीत! लातुरात राहून ठेचा नको म्हणणारी बाई, आम्ही म्हणलं डाएट चाललंय.

तर काय सांगत होते... हां, आमच्या सासूबाई. हे सगळं ऐकून डबी हळूच पदराखाली गेली. मिसरीची. आशाताईंनी बघितलीच. तर म्हणतात कशा, “कामून गं? नशा थोडीच हाय? ती लावल्याबिगर मला प्रेशर येत नाही.” आशाताई म्हणाल्या, “आजी, तव्यावर भाजली तरी तंबाखूच ती. पोट साफ व्हायला सकाळी कोमट पाणी घ्या, ज्वारीची भाकरी अन् पालेभाजी सोडू नका.” सासूबाई गप्प. नंतर मला म्हणे, “त्या पोरीला काय कळतंय!”

तंबाखूवरून आठवलं, माझं माहेर नांदेडचं. गुरुद्वाऱ्याच्या बाजूला शेजारी सगळे सरदारजी. त्यांच्यात तंबाखूला शिवायचंच नाही, धर्मानंच मनाई. आमचे बाबा तंबाखू मळायला त्यांच्या ओट्यावरून उठून गल्लीच्या टोकाला जायचे. तेवढंच कमी खाल्लं जायचं.

अन् आता कानात सांगते. आशाताईंनी खालच्या तपासणीचंही काढलं. तीस वर्षांच्या पुढच्या बाईनं गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी करावी म्हणे. लगेच सगळ्यांना घरची कामं आठवली! पण आपल्या शेजारी धाराशिवलाच, तेव्हाचं उस्मानाबाद, १९९९ पासून गावोगावच्या लाखावर बायकांना घेऊन हे बघितलंय. बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटल अन् टाटावाले होते त्यात. ज्या गावांत एकदाच एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, टेस्ट केली, तिथं ह्या कॅन्सरनं मरणाऱ्या बाया जवळजवळ निम्म्यावर आल्या. एकदाच हो! पाय दुखेपर्यंत भिशीला फिरतो आपण, अन् ह्याला वेळ नाही. तुमच्या नातीला एचपीव्हीची लस द्यायचं वय झालंय ना? नऊ ते चौदा म्हणाल्या. बघा बाई.

हां, तर वहिनी. मंगळवारी गुपचूप दातांच्या डॉक्टरकडं जाऊन आल्या. मलाच नेलं सोबत, म्हणून कळलं. कॅन्सर नाही म्हणाले, पण पुढं होऊ शकतो. आवळलेलं सगळं मोकळं होईलच असं नाही, सुपारी आजपासून बंद. दर काही महिन्यांनी दाखवायला यायचं. तोंडातली जखम किंवा पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर थांबायचं नाही, लगेच यायचं. वहिनी रिक्षात एक शब्द बोलल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, “पुड्यांवरून बोलले मी सगळ्यांना, आता तोंड कसं दाखवू?” मी म्हणलं, आधी उघडायचं तर बघा!

हसल्या हो. अन् अडकित्ता? पितळी आहे, त्यांच्या सासूचा. मोडीत द्यायला जीव होईना. तो आमच्या सासूबाईंनी मागून घेतलाय. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणतात, “असू दे, दात दुखतात तेव्हा खारका फोडायला बरा.”