मर्यादवेलीची शास्त्रोक्त लागवड

कोकणात समुद्राला लागून दहा गुंठे घेतलेल्या, घर बांधून झालेल्या आणि आता ‘पुढे जरा हिरवळ हवी’ या टप्प्यावर पोहोचलेल्या सद्गृहस्थांसाठी हे मार्गदर्शन आहे. घर अजून व्हायचे असेल त्यांनी आधी सीआरझेडचे नियम वाचावेत. ते १९९१पासून आहेत आणि वाळूच्या टेकड्या त्यांतल्या सर्वांत कडक वर्गात मोडतात. समोरची टेकडी ‘व्ह्यू अडवते’ म्हणून जेसीबी सांगून ठेवला असेल, तर त्याला आजच नको म्हणून कळवावे.

पूर्वतयारी म्हणून प्रथम लॉन लावावे. ही पायरी आजवर कोणालाच टाळता आलेली नाही. दोन डंपर लाल माती, शेणखत, गवताच्या चौकोनी लाद्या, सकाळ-संध्याकाळ गरगरणारे तुषार. उन्हाळ्यात पश्चिमेचा वारा वाळू आणि खार घेऊन घुसला की गवत समुद्राच्या बाजूने पिवळे पडू लागते. मालक पाणी वाढवतो. विहीर जास्त उपसली की खालून समुद्र आत येतो आणि चहा मचूळ लागतो. पहिल्या मोठ्या पावसात लाल माती वाहून जाते आणि मूळची वाळू वर येते. जमीन तयार झाली!

आता रोप ओळखावे. पान थेट आपट्याचे, फक्त जाड आणि चकचकीत. दसऱ्याला आलेले पाहुणे ते तोडून एकमेकांना सोने म्हणून देतात, देऊ द्यावे. फूल जांभळट गुलाबी, कर्ण्यासारखे, घशात गडद. सकाळी उमलते आणि दुपार कलली की मिटते, ते कायमचेच. फोटोसाठी पाहुण्यांना अकराच्या आत उठवावे लागते. या वेलीच्या लागवडीत कष्ट असे तेवढेच. लिनियसने १७५३ साली तिला नाव देताना पानात बकरीचे खूर पाहिले. त्याला आपटा कोण दाखवणार?

बियांपासून लावायची हौस असेल तर सुकलेले बोंड फोडावे. आत मखमली लव असलेल्या, तपकिरी, वाटाण्याएवढ्या बिया निघतात. त्या समुद्रात महिनोन्‌महिने तरंगून परक्या किनाऱ्यावर रुजणाऱ्या जातीच्या आहेत, त्यामुळे तुमच्या कुंडीतल्या दोन दिवसांच्या ओलाव्याने त्या हुरळून जात नाहीत. कवच कानशीने एका बाजूला घासावे, रात्रभर भिजत घालावे, मग पेरावे. घासायचा कंटाळा असेल तर पावसाच्या तोंडाशी ओळखीच्या कोणाच्या आवारातून दोन-तीन पेरांचे तुकडे आणावेत आणि निम्मे वाळूत पुरावेत. तुकडा तोडताना चीक येतो, तो पांढऱ्या शर्टावर घेऊ नये. टेकडीवरची वेल मात्र उपटून आणू नये. तिथे ती कामावर आहे: प्रत्येक पेराला मुळे सोडून वाळू जागेवर धरून ठेवते, आणि अंगावर वाळू पडली की दबत नाही, उलट वर येते. एखादी आडवी दोरी हळूच उचलून पाहावी. पेरापेराशी मुळांचा झुबका आणि त्याला चिकटलेली ओली वाळू दिसते. पाहून झाले की परत ठेवावी.

या टप्प्यावर घर सांभाळणारा गडी बाजूला उभा राहून विचारतो, “ही येल कित्याक लावतास? ही आपसूक येता.” त्याच्याकडे दुर्लक्ष करावे. तो म्हणतो ते खरे असते, पण त्याचे ऐकले तर हे मार्गदर्शन इथेच संपेल.

निगा. रुजल्यावर पाणी घालू नये. खत घालू नये. तण म्हणून उपटू नये. नियम तीनच, पण शनिवारी मुंबईहून पाच तास गाडी हाकत आलेल्या माणसाला काहीतरी ‘करायचे’ असते. त्याच्यासाठी नळ बंद ठेवून पाइप हातात द्यावा. पावसाळी उधाणात पुढचा भाग वाहून जातो, तेव्हा फोनवरून रडू नये. मागचा भाग जिवंत असतो आणि पाऊस सरला की पुन्हा पुढे सरकतो. हौसेने लावलेल्या सुरूच्या झाडांखाली मात्र तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. सुयांचा थर आणि सावली तिला मानवत नाही, ती उन्हाकडे निघून जाते.

आणि निघून जाताना ती सातबारा पाहत नाही. गडगा ओलांडून शेजाऱ्याच्या पेव्हर ब्लॉकवर चढली, की कोकणातल्या रीतीप्रमाणे मोजणीचा अर्ज येईल. उत्तर सौजन्याने द्यावे, वेल दाखवावी, चहा द्यावा. उत्तरात वेलीची लांबी तेवढी लिहू नये. सुनावणीच्या तारखेला ती वेगळी भरते.